ठेवते हं

“मावशी, छोट्या फोनकडून एवढीच अपेक्षा ठेवायची,” असं म्हणून मोबाईलवाल्याने माझा फोन काउंटरवरून माझ्याकडे सरकवला.

“एवढीच म्हणजे केवढी?”

“दुपारपर्यंत टिकतो ना? मग झालं की. खोकं लहान, त्यात बॅटरी लहान, आणि आता तीही थकलीय. बदलून देतो म्हटलं तर या मॉडेलची बॅटरी येईनाशी झालीय. तुम्ही मोठा घ्या. हा बघा, दोन दिवस बघायला नको.”

त्याने पुढे केलेला फोन शाळेतल्या पाटीएवढा होता.

“धरू कसा?” मी विचारलं.

तेव्हा कुठे त्याचं लक्ष माझ्या उजव्या हाताकडे गेलं. बाहेर पडताना मी तो हात गळ्यातल्या पट्ट्यात अडकवते, नाहीतर तो नुसता लोंबतो आणि दारात सापडतो. मोबाईलवाला बिचारा ओशाळला. त्यात ओशाळण्यासारखं काही नव्हतं, पण माणसं ओशाळतात.

लहान फोन माझ्या डाव्या तळव्यात नीट बसतो आणि अंगठा चारही कोपऱ्यांना पोचतो. मोठा फोन घेतला की अंगठा अर्ध्या वाटेत अडतो, आणि पुढे जायला बघितलं की फोन खाली. मुलाने हौसेने आणलेला मोठा फोन मी दोनदा पाडला. एकदा पायावर, एकदा बादलीत. बादलीतून तो काही परत आला नाही.

“थकलेल्यांकडून काम करून घेण्यात माझी हयात गेली,” मी मोबाईलवाल्याला म्हटलं. “हाही करेल. सांगा, काय काय बंद करायचं ते.”

त्याने काय काय बंद केलं, ते मला अर्धंच कळलं. पडद्याचा उजेड इतका कमी केला की उन्हात तो फोन आहे की काळी वडी, ते समजेना. पण सगळं करूनही तो संध्याकाळपर्यंत कसाबसा धापा टाकत पोचायचा.

‘अपेक्षा’ या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. मी सरकारी दवाखान्यात वॉर्डची सिस्टर होते. अजूनही इमारतीतली माणसं मला सिस्टरच म्हणतात. दोन वर्षांपूर्वी माझा उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, सगळं एकदम गेलं. माझ्याच दवाखान्यात, माझ्याच वॉर्डमध्ये, खाटेच्या पायथ्याशी उभं राहून डॉक्टरांनी माझ्या मुलाला सांगितलं, “आता एवढीच अपेक्षा ठेवा.” मी तिथे नाहीच अशा थाटात. मला उत्तर द्यायचं होतं, पण जीभ वळेना. मनातल्या मनात म्हटलं, बघतेच.

मग औषधांच्या खोक्यांवरची नावं मोठ्याने वाचत सुटले. ती अवघड नावं जिभेवर बसली की साधी माणसाची भाषा काय, चालत येईल, असा हिशेब. आली. अजून थकले की ‘ळ’ हुलकावणी देतो, पण तेवढं चालतं. पायही आला, थोडा रुसून. हात नाही आला. त्याच्यापुढे मात्र मी हात टेकले. म्हणजे, एकच टेकला.

माझा मुलगा दुसऱ्या शहरात राहतो. चांगला आहे, पण काळजीच्या बाबतीत कहर आहे. मी एकटी राहणार म्हटल्यावर त्याने घर डोक्यावर घेतलं. शेवटी तह झाला. सकाळ, दुपार, संध्याकाळ मी त्याला मिस्ड कॉल द्यायचा. तीन रिंगा आणि कट. बोलायचं नाही, म्हणजे बॅटरी वाचते आणि त्याच्या ऑफिसातही कुणाला कळत नाही. तीन रिंगा म्हणजे आई ठीक आहे.

एवढं सुरळीत चाललं होतं. पण बॅटरी म्हातारी झाली आणि दोन-तीनदा संध्याकाळचा मिस्ड कॉल चुकला. त्याने फोन लावला तर बंद. मग समोरच्या ताईंना फोन, मग ताई माझं दार बडवतायत, मी आत आरामात केस विंचरतेय. मागच्या वेळी तो आला तेव्हा त्याने मला समोर बसवून बजावलं.

“आई, आता शेवटचं. पुन्हा एकदा तुझा फोन बंद लागला, की मी गाडी घेऊन येणार आणि तू आमच्याकडे येणार. कायमची. वाद नाही.”

“बरं,” मी म्हटलं.

“शब्द दे.”

“दिला.”

दिला खरा, पण मला जायचं नव्हतं. त्याचं घर छान आहे. सून मायाळू आहे. तिथे मला कुणी पाण्याचा पेला उचलू देणार नाही. आणि मला हेच नको होतं. माझ्या घरात मी एका हाताने कांदा चिरते, त्याला खिळा मारलेल्या फळीवर टोचून. एका हाताने चादर घालते. अर्धा तास लागतो, लागू दे. तिथे गेले की महिन्याभरात मी खरोखरची आजारी होणार. मी किती पेशंट असे होताना पाहिलेत.

म्हणून मी फोनची ड्युटी डोळ्यात तेल घालून करत होते. चार्जिंगला लावणं हेही माझ्यासाठी सोपं नाही. एका हाताने ती बारीक पिन त्या बारीक भोकात घालायची, तर फोन पुढे पळतो. मी त्यावर तोड काढली होती. टेबलाचा खण थोडा उघडायचा, फोन त्यात उभा ठेवायचा, कंबरेने खण दाबायचा, की फोन चिमट्यात बसतो. मग डाव्या हाताने पिन आत. पहिल्या दिवशी नाकी नऊ आले होते. आता बोलता बोलता जमतं.

आणि त्या रविवारी लाईट गेली.

सकाळी मी फोन चार्जिंगला लावायच्या आतच गेली. कुठेतरी मोठी दुरुस्ती होती म्हणे. सकाळचा मिस्ड कॉल दिला, फोन बंद करून ठेवला. दुपारी चालू केला तेव्हा कोपऱ्यातली बॅटरी लाल झाली होती. म्हटलं, तीन रिंगा देऊ, परत बंद करू, संध्याकाळच्या तीन रिंगांपुरता जीव राहील त्याच्यात.

पहिली रिंग वाजली. दुसरी वाजायच्या आत फोन उचलला गेला.

“आजी! बाबा झोपलाय. मी बोलतेय!”

ही माझी नात. घरात तिला सगळे रेडिओ म्हणतात, आणि त्या नावाला ती जागते. बोलायला लागली की बटण कुठे असतं ते कुणालाच सापडत नाही.

“रेडिओ, बाळा, फोन का उचललास? बाबाला राहू दे ना झोपलेलं. मी ठेवते हं.”

“थांब ना! माझा दात पडला. पुढचा. आता मला ‘स’ म्हणता येत नाही. ऐक, थाबण.”

आता सांगा, इथे फोन कसा ठेवायचा? मला दोन वर्षं एक अक्षर म्हणता येत नाही आणि पोरीला आता दुसरं येईना. मी म्हटलं, “मला ‘ळ’ येत नाही कधीकधी. म्हण बघू, कावळा. मी काय म्हणते माहितीये? कावला.” ती खदखदून हसली. तिने थाबण म्हटलं, मी कावला म्हटलं. तिने थथा म्हटलं, मी शाला म्हटलं. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. फोन कानात टूं टूं करायला लागला होता, ते मला ऐकू येत होतं. चांगलं ऐकू येत होतं. तरी मी आणखी एक शब्द म्हटला.

मग मात्र भानावर आले. “रेडिओ, ऐक, ठेव आता. ठेव, ठेव, बॅट...”

फोन गेला. काळी वडी.

मी खणाशी गेले, कंबर लावली, पिन घातली, आणि मग आठवलं की लाईट नाही. समोरच्या ताईंच्या दाराला कुलूप, त्या बहिणीकडे गेल्या होत्या. म्हटलं, येईल लाईट संध्याकाळपर्यंत. बसले. पुस्तक वाचलं. लाईट येईना. ऊन खिडकीच्या चौकटीवरून खाली उतरलं आणि संध्याकाळच्या मिस्ड कॉलची वेळ जवळ आली, तेव्हा मी पुस्तक मिटलं. शब्द दिला होता. एका मिस्ड कॉलवरून मी घर घालवून बसणार होते.

हात पट्ट्यात अडकवला, फोन खिशात टाकला आणि निघाले.

आमच्या जिन्याचा कठडा उतरताना उजवीकडे येतो. म्हणजे माझ्या मेलेल्या हाताकडे. म्हणून मी जिना उलटा उतरते. तोंड वरच्या पायऱ्यांकडे, डाव्या हाताने कठडा धरलेला, पाय मागे चाचपडत. इमारतीतली पोरं सुरुवातीला हसायची, आता रस्ता सोडतात. रोज सकाळी मी एकदाच उतरते. त्या दिवशी दुसऱ्यांदा उतरले, अंधुक उजेडात. मधल्या वळणावर पाय लटपटायला लागला. मी त्याला चार शिव्या घातल्या. वॉर्डबॉयला घालायचे तशा. चालायला लागला.

आमच्या गल्लीभर अंधार होता, पण मोबाईलवाल्याकडे इन्व्हर्टर होता. दुकान बंद करायच्या तयारीत होता.

“शटरला हात लावायचा नाही,” मी दारातूनच म्हटलं. “आधी याला लावा.”

“मावशी, एवढ्या अंधारात? एकट्या?”

“फोन लावा हो!”

त्याने पिन लावली. मेलेला फोन लगेच उठत नाही, थोडा जीव भरावा लागतो. मी काउंटरला धरून उभी. मोबाईलवाल्याने स्टूल दिलं, मी बसले नाही. शेवटी पडदा उजळला. मी नंबर दाबला. एक रिंग पुरी व्हायच्या आत त्याने उचलला.

“आई?” आवाज असा, की मी ओळखलाच नाही. “आई! बोल. काहीतरी बोल.”

“अरे, ठीक आहे मी. लाईट नाही इथे, बॅटरी गेली होती. तू कुठे आहेस? एवढा गोंगाट कसला?”

मग तो म्हणाला, “गाडीत. निम्म्या वाटेवर. बाजूला घेतलीय.”

“मग फिर मागे. मी धडधाकट आहे.”

“नाही. येतोय मी. आता झालं, आई. आता बास.”

आणि त्याने फोन ठेवला.

रात्री तो घरी पोचला. मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, माझा डावा हात घट्ट धरला, सोडला, आणि बाहेरच्या खोलीत सोफ्यावर जाऊन पडला.

सकाळी उठला तेव्हा दाराशी बॅग होती. एका हाताने बॅग भरायची तर चेन लावताना दुसरं टोक दातात धरावं लागतं. तसं करून मी ती लावली होती.

“हे काय?” त्याने विचारलं.

“बॅग. ठरलं होतं आपलं. आजारात माझं तोंड वाकडं झालं होतं, शब्द नाही.”

तो भांडणाच्या तयारीने आला होता हे दिसत होतं. बॅग पाहून त्याचं सगळं अवसान गेलं. खुर्चीत बसला.

“भांड ना माझ्याशी,” तो म्हणाला.

“भांडणार आहे. आधी चहा घे. आणि मला एक सांग. फोन याआधीही बंद पडलाय. तेव्हा तू ताईंना फोन लावलास, आरडाओरडा केलास. पण असा गाडी काढून धावत सुटला नाहीस. काल काय झालं?”

त्याने कप बाजूला सारला. “रेडिओ म्हणाली, आजी हसत होती, मग ‘ठेव ठेव’ म्हणाली, आणि बोलता बोलता गप्प झाली.”

“बॅटरी संपत होती, म्हणून ठेव म्हटलं तिला.”

“त्या दिवशीही तू तेच म्हणालीस.”

“कुठल्या?”

“त्याच.” त्याने माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. “माझ्याशी फोनवर बोलत होतीस. मध्येच तुझी जीभ जड झाली. ‘ठेव... ठेव...’ असं काहीतरी, आणि मग काहीच नाही. तू म्हणत होतीस, ठेवू नको. फोन ठेवू नको. आणि मी ठेवला, आई.” “ताईंना फोन लावायचा होता, दुसरा फोन नव्हता, म्हणून ठेवला. तू तिथे फरशीवर एकटी पडून मला ठेवू नको म्हणत होतीस, आणि मी ठेवला.”

एवढा मोठा माणूस, कानाजवळ केस पांढरे व्हायला लागलेला, टेबलावर डोकं टेकवून हुंदके द्यायला लागला. मला एकदम सगळं लख्ख दिसलं. त्या तीन रिंगा माझ्यासाठी नव्हत्याच. दिवसातून तीन वेळा मी त्याला औषध देत होते, आणि मी, इतक्या वर्षांची सिस्टर, पेशंट कोण आहे तेच मला कळलं नव्हतं.

“अरे गाढवा,” मी म्हटलं. “ठेवते म्हणत होते मी! ठेवते! गॅसवर दूध ठेवलं होतं. ‘दूध ठेवलंय, फोन ठेवते हं’, एवढंच वाक्य होतं. ते तोंडातून बाहेरच पडेना.”

त्याने मान वर केली.

“दूध?”

“दूध. ते उतू गेलं, भांडं जळलं, घरभर वास सुटला. त्या वासावर ताई धावत आल्या, किल्ली होती त्यांच्याकडे. तुझा फोन त्यांना लागला तेव्हा त्या माझ्या उशाशी बसल्या होत्या. विचार त्यांना. तू ठेवलास ते बरोबरच केलंस. मी स्वतःच ठेवत होते!”

“मग दोन वर्षांत सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? मी मरता मरता दुधाचं बोलत होते म्हणून? तू कधी विचारलंस?”

तो हसायला लागला. हसता हसता रडत होता, की उलट, मला कळलं नाही. मी डाव्या हाताने त्याचं डोकं धरलं आणि माझ्या पोटाशी घेतलं. लहानपणी ताप आला की घ्यायचे तसं. “दूध,” तो परत परत म्हणत होता. “दूध.”

बऱ्याच वेळाने त्याने तोंड धुतलं. मी म्हटलं, “आता भांडते.”

“भांड.”

“हा फोन एवढासा आहे. दिवसभर एकट्याने टिकावं अशी अपेक्षा ठेवली, ती माझी चूक. वॉर्डमध्ये आम्ही कुणाकडून चोवीस तास काम करून घेत नव्हतो. ड्युट्या लावत होतो. एक दिवसपाळी, एक रात्रपाळी. एक थकली की दुसरी हजर, आणि पहिलीने घरी जाऊन झोपायचं. मोबाईलवाल्याच्या खणात असलाच जुना फोन पडलाय, मी पाहिलाय. तो आण. दोन छोटे फोन, दोन नंबर. एक खिशात, एक खणात. लाईट गेली तरी दोघांपैकी एकाच्या अंगात कायम जीव असेल. हे मान्य असेल तर मी इथे. नसेल तर बॅग तयार आहे, उचल.”

तो खणाकडे बघत होता. तिथे पिन अजून लोंबत होती. मग उठला, उजवा हात पाठीमागे घेतला, माझा फोन डाव्या हाताने खणात उभा केला आणि पिन घालायला गेला. फोन आडवा पडला. परत उभा केला. परत आडवा.

“कंबर लाव,” मी म्हटलं.

त्याने कंबर लावली. चौथ्या-पाचव्यांदा पिन बसली. तो तसाच वाकून उभा राहिला, माझ्याकडे न बघता. मग दाराशी गेला, बॅगेची चेन उघडली आणि माझे कपडे एकेक करून कपाटात ठेवायला लागला. चुकीच्या कप्प्यांत ठेवत होता. मी ठेवू दिले.

दुपारी दुसरा फोन आला. त्याने माझे दोन्ही नंबर आपल्या फोनमध्ये साठवले, ‘आई दिवसपाळी’ आणि ‘आई रात्रपाळी’. निघताना जिन्यात थांबून म्हणाला, “मिस्ड कॉल बंद. आता मी फोन करीन. तू उचलायचास, एक वाक्य बोलायचंस. एकच. पण पुरं.”

“पुरं,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. रात्रपाळीवाली नुकतीच ड्युटीवर आली होती.

“हं, आई.”

“गॅसवर दूध ठेवलंय,” मी सावकाश म्हटलं, एकेक अक्षर वेगळं करून. “ठेवते हं.”

त्याने फोन ठेवला नाही. थांबून राहिला, मी ठेवायची वाट बघत. मी अंगठ्याने लाल बटण दाबलं. दूध काठाशी आलं होतं. मी गॅस बंद केला.